तेहतीस हजार सहाशेचा आकडा

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला अवधूतच्या पडद्यावर तीच ओळ लागोपाठ तिसऱ्या आठवड्यात लाल झाली. सहाच्या आत यादी वर पाठवायची होती.

अवधूत कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीचे संगणक सांभाळतो, राहतो पनवेलला. हौसेने तो एक यादी राखतो. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने निरोप पाठवणारे जुने हौशी लोक त्यात आहेत. त्याच्या भागात अकरा उरलेत; त्यांची यादी दर शुक्रवारी वर, देशाच्या मुख्य यादीकडे जाते. प्रत्येकाची एक ओळ: नाव, गाव, फोन, मोडेमचा वेग. सलग तीन आठवडे ओळ चुकली की माणूस यादीतून जातो आणि कुणाचंच यंत्र त्याला निरोप पोचवत नाही.

लाल ओळ उरणच्या आशालताताईंची. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, गुडघे गेले, घराबाहेर पडणं थांबलं. रोजचे हे निरोप हीच त्यांची सोबत. मोडेम बदलल्यापासून वेगाच्या जागी त्या ३३६०० लिहीत होत्या. यादी तपासणाऱ्या प्रोग्रामला चालणारे आकडे पाचच: ३००, १२००, २४००, ४८००, ९६००.

अवधूतने फोन लावला. "ताई, ९६०० लिहून पाठवा. वेळ नाही."

"का लिवू? माझा मोडेम तेहतीस हजार सहाशेनं चालतोय. तीस वर्सं लाईनी तपासल्या, मोजलं तेच वहीत लिवलं. आता म्हातारपणी खोटं लिवू?"

"खोटं नाही हो..."

"मंग माझा आकडा घे ना तुझ्या पाचांत. यादी तुझीच हाय!"

त्याने आकडा टाकलाही. मग हात थांबला. वरच्या, मुख्य यादीच्या तपासणीत तो नव्हता. एक परका आकडा दिसला की अख्खी यादी परत येते. अकराही जण आठवडाभर गायब. त्याने तो खोडला.

"ताई, ९६०० हा मोजलेला वेग नाही, गट आहे. त्याच्या वरचे सगळे त्यातच. खरा वेग ओळीच्या शेवटी खुणेनं लिहायचा."

"ह्ये कुठं लिवलंय?"

अवधूतने नियमांची फाईल उघडली. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलेली. पाच आकडे होते, अर्थ एकाचाही नव्हता.

"कुठंच नाही."

"मंग मला काय सपनात कळनार?"

"लिहितो. आत्ताच."

पाच बावन्न. त्याने दोन वाक्यं लिहून वाचून दाखवली: "९६०० हा गट आहे. वेग तेवढा किंवा जास्त असेल तर हेच लिहून खरा वेग शेवटी खुणेनं द्यावा."

"'किंवा जास्त' हे आकड्याला लागूनच टाक. आकडा बघितला की मानूस फुडं वाचत नाय."

त्याने बदललं, फाईल सगळ्यांना पाठवली. पाच सत्तावन्नला ताईंची नवी ओळ आली. तपासणी चालू केली. दहा ओळी हिरव्या, दहांतही ९६००. अकरावी क्षणभर अडली, मग तीही हिरवी झाली. त्याने यादी पाठवून दिली.

"गेली?"

"गेली. तुमच्यासकट."

"बरं. आता बाकीच्या दहांना इचार, त्यांनी काय समजून ९६०० लिवलंय त्ये."