तासाभराच्या अंतराला अख्खा दिवस

माझ्या आत्याचं विमान तिकिटांचं दुकान जिन्याखालच्या खोलीत होतं. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी. कुठला विमानतळ कुठून किती लांब, मध्ये कुठे उतरायचं, किती वेळ हाताशी ठेवायचा, सगळं तिला तोंडपाठ. निम्म्या गावाला तिने आकाशात धाडलं, पण स्वतः कधी विमानात पाऊल ठेवलं नाही. उंचीची इतकी धास्ती, की माळ्यावरचा डबा काढायलाही मला स्टुलावर चढवायची.

"आत्याबाई, तुमचं म्हणजे आचारीच उपाशी!" लोक थट्टा करायचे. तीही हसायची.

समोर टेलर मास्तर राहायचे. नजर गेली तसं त्यांचं शिलाईचं मशीन बंद पडलं होतं. घरात ते एकटेच. मुलगा बोटीवर नोकरीला. एका दुपारी ते भिंत चाचपत दुकानात आले. दुसऱ्या शहरातल्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला होता.

"बोलता येईना त्याला. माझं नाव तेवढं उमटतंय म्हणे. ताई, तिकीट काढा."

"सरळ विमान नाही, मास्तर. असतं तर तासाभराचं काम. मध्ये मोठ्या विमानतळावर बदलायला लागेल. सकाळी निघालात की दिवेलागणीला पोचाल."

"अहो, तेवढ्यात कावळासुद्धा पोचेल!"

"कावळ्याला विमान बदलावं लागत नाही."

मास्तरांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

आत्याने फोनवर फोन लावले. दोन्ही विमानं वेगवेगळ्या कंपन्यांची. पहिलीचा मदतनीस त्यांना आपल्या इमारतीच्या दारापर्यंत सोडणार, दुसरीचा पुढच्या इमारतीतून घेणार. मधल्या वाटेची जबाबदारी घ्यायला कुणी तयार होईना.

"विचारत विचारत जाईन मी," मास्तर म्हणाले.

आत्याने खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. मग तिने दोन तिकिटं काढली. दुसरं स्वतःच्या नावाचं! मी आ वासून बघत राहिले.

विमान सुटताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, असं मास्तर पुढे सगळ्यांना सांगत. त्यांना दिसलं कसं, ते विचारू नका. "हात बर्फासारखा गार," म्हणायचे. तेव्हा त्यांनीच तिला धीर दिला होता. "डोळे मिटून घ्या, ताई. मला काही दिसत नाही, बघा कसा निवांत आहे!"

पहिलं विमान उशिरा उतरलं. आत्याने मास्तरांचा दंड धरला, रांगेतल्या माणसांना हात जोडत वाट काढली, चुकीच्या बसमध्ये चढली, उतरली, पुन्हा धावली. दुसऱ्या विमानाचं दार बंद करायला निघालेल्या मुलीला म्हणाली, "बाळ, भाऊ वाट बघतोय यांचा." दोघं शेवटी चढले.

संध्याकाळी मास्तरांनी भावाच्या गालावरून हात फिरवला. "दाढी कुणी केली रे तुझी? सगळे खुंट राहिलेत," म्हणाले. भावाचा चांगला हात वर आला आणि त्याने मास्तरांचा कान पिळला, लहानपणी पिळायचा तसा. वहिनी हसता हसता रडायला लागल्या.

मास्तर तिथेच राहिले. भाऊ पुढे काठी टेकत चालायला लागला.

आत्या एकटीच परतली. "गेली का भीती?" मी विचारलं.

"छे गं! येताना तर हात धरायलाही कुणी नव्हतं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर अशा आणखी दोघांना ती स्वतः पोचवून आली.