पायलटाला हुकूम देणारी माझी भाची

समोरच्या माणसाने आपलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवल्याशिवाय त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेतलेली एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती माझी सख्खी भाची आहे. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना रस्ता दाखवायची नोकरी तिला हवी होती. त्या कामाची रीतच अशी, की खालून हुकूम द्यायचा, पायलटाने तो परत म्हणायचा आणि हुकूम देणाऱ्याने कान टवकारून चूक पकडायची. भाचीने ही रीत सगळ्यात आधी घरात लागू केली. तिचे वडील, म्हणजे माझे भावोजी, कट्टा गावाहून मालवणला रिक्षा मारतात. त्यांना भर रस्त्यात फोन जायचा. "बाबा, नाक्यार थांब. दोन नारळ, एक साबण, बांगडे नको. परत म्हण." भावोजी रिक्षा कडेला घेऊन, मागच्या गिऱ्हाइकांच्या देखत, शाळेतल्या पोरासारखे म्हणायचे, "नाक्यार थांबतंय. दोन नारळ, एक साबण." "आणि बांगडे?" भावोजी गडबडायचे. एकदा तर मागे बसलेल्या म्हातारीनेच पुढे वाकून फोनात ओरडून सांगितलं, "बांगडे नको गो बाय, सोड आता तेका!"

इंग्रजी ती मोबाइलवर पायलटांची बोलणी ऐकून शिकत होती. मांडीवर फोडायला घेतलेल्या काजूच्या बिया, कानात ती खरखर. जपानी, अरब, फ्रेंच, सगळे आपापल्या परीने इंग्रजीची मोडतोड करायचे आणि ही खूश व्हायची. "मामा, कोणाकच धड येणा नाय, तरी विमानां उतरतत!" आकडा कुठलाही असो, ती त्याचे अंक सुटे करून इंग्रजीत म्हणायची. तिला पंचवीस ग्रॅम जिरं द्यायला वाण्याला दोनदा विचारावं लागे. वाडीत पोरीची टिंगल व्हायची. एकाने तोंडावर विचारलं, "काजी फोडणारा चेडू विमान उतरवतला?" ही शांतपणे म्हणाली, "विमान आपसूक खाली येताच. माका फक्त खंय आणि कधी, ता सांगूचा आसा."

हे सगळं मी आजवर चारचौघांत हसून सांगत आलो. जे सांगितलं नाही ते आता सांगतो. मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. तिने लेखी परीक्षा पहिल्याच फटक्यात काढली, राहिली फक्त बोलण्याची चाचणी, आणि ती वही घेऊन माझ्याकडे आली. तिने मला ती रेकॉर्डिंगं ऐकवली. मी म्हणालो, "ही इंग्रजी नव्हे, ही तार आहे. साहेबांसमोर असं तुटक बोलशील तर घालवून देतील." मग मी तिला माझी इंग्रजी शिकवली, जी मी वीस वर्षं मुलांच्या अर्जांत लिहीत आलो होतो. प्रत्येक वाक्याच्या आधी नम्र विनंती, शेवटी आभार. कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या पोरीने माझ्यावर ठेवला.

चाचणीत तिला विचारलं, एक विमान उतरतंय आणि धावपट्टीवर दुसरं उभं आहे, काय सांगशील? तिने सुरुवात केली, आदरणीय महोदय, आपणांस नम्र विनंती की, आपली हरकत नसल्यास... साहेबांनी हात वर केला. "तुमची विनंती संपायच्या आत विमान आदळलं, बाई." ती नापास झाली. घरी येऊन तिने हे फक्त मला सांगितलं. आणि त्याच संध्याकाळी भावोजींनी विचारलं, "मास्तरानू, काय चुकला तिचा?" तेव्हा मी म्हणालो, "घाबरली. तिच्यात तेवढा दम नाय. तुम्ही आता स्थळं बघा."

दारात ती उभी होती.

इन्सुली गावचं स्थळ आलं. चहापोहे झाले, मुलाचे काका उठता उठता म्हणाले, "कळवतो दोन दिवसांत." भाची म्हणाली, "कोण कळवणार, कुणाला, कुठल्या वारी? परत म्हणा." काका लाल झाले. "आमी चेडू बघूक इलंव की पोलीस ठाण्यार?" गाडी गेल्यावर भावोजी तिच्यावर तुटून पडले. "तुझ्याशी लगीन आता कोण करतलो?" "नको करूंदे कोणी. वयाची अट संपाच्या आधी एक परीक्षा उरली हा. ती मी देतलंय." "मामा शिकयतलो काय परत?" "नाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मामान् शिकवलेला आधी विसराचा आसा."

ती विसरली, आणि पास झाली. पुढच्या प्रशिक्षणासाठी निघाली त्या सकाळी कट्ट्याच्या स्टॉपवर मी तिची बॅग धरून उभा होतो, भावोजी पलीकडे रिक्षापाशी. गाडी दिसायला लागली तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "बाय, तेव्हा चूक माझी होती. तुझ्या बापाशीक मी खोटा सांगलंय."

"माका म्हायत आसा. बाबाक सांगलंस?"

"नाय."

"मगे थंय सांग. माका सांगान काय उपेग?" बॅग माझ्या हातातून घेऊन ती गाडीत चढली.

परतताना मी भावोजींच्या रिक्षात पुढे, त्यांच्या शेजारीच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते समोर रस्त्याकडे बघत होते. नाक्यावर रिक्षा कडेला घेतली आणि म्हणाले, "ता स्थळ मोडल्यार चार म्हयने मी तिच्याशी धड बोललंय नाय, मास्तरानू. एकाच घरात."

आता ती लांबच्या शहरात त्या उंच मनोऱ्यात बसते. कामाची पाळी संपली की बापाला फोन करते, मिनिटभराचा. भावोजी त्या मिनिटासाठी गिऱ्हाईक सोडतात, घरी येऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून बसतात. कधी मीही तिथे असतो. फोन वाजला, की ते मिनिट त्या दोघांना सोडून मी चपला घालतो आणि घरासमोरच्या पाणंदीच्या टोकापर्यंत जाऊन उभा राहतो.