बटणांचं बेट

वर्गातली पोरं तिला काकू म्हणत, आणि तिला ते मुळीच खटकत नसे. सत्तेचाळिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसलेल्या बाईला काकू नाही तर काय म्हणणार? खटकत असे ते दुसरंच. प्राध्यापक 'शुल्क', 'मूळ देश', 'आयातदार' असे शब्द इतके सहज बोलत, की माल जहाजातून उतरून आपल्या पायांनी बाजारात चालत जातो असं वाटावं. काकू तेवीस वर्षं बंदराच्या फाटकासमोर, दुसऱ्या मजल्यावर, लोकांचा माल सोडवून देणाऱ्या एजंटकडे कागद भरत होती. एक आकडा चुकला की कंटेनर आठवडाभर अडकतो आणि मालक ऑफिस डोक्यावर घेतो, हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. नोकरी सांभाळून, सकाळच्या कॉलेजात जाऊन तिनं कायद्याची पदवी घेतली तेव्हा घरचे म्हणाले, झालं ना आता? झालं नव्हतं.

तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, त्यांचा नावाजलेला अभ्यास बटणांवर होता. एका चिमुकल्या बेटाएवढ्या देशाच्या मालावरचं शुल्क सरकारनं उतरवलं, आणि दोन वर्षांत तिथून येणारी बटणं, चेन, टाचण्या पाचपट झाल्या. शुल्क उतरवा, गरीब देशात कारखाने उभे राहतात, असा सरांचा सिद्धान्त. त्या जोरावर ते तीन समित्यांवर जाऊन बसले होते. सरांनी तक्ता वर्गात वाटला, काकूनं त्यावरची वर्षं पाहिली आणि तक्ता परत वरपासून वाचायला घेतला. ती बटणं त्या बेटावर कुणी बनवली नव्हती. ती तिनं आणि तिच्यासारख्यांनी बसल्या जागी तिथली करून टाकली होती.

झालं होतं ते असं. त्या दोन वर्षांत आयातीचा अर्ज नव्यानं संगणकावर आला. मूळ देशाचा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकायलाच तयार नाही. बटणांची खोकी तर दहा ठिकाणचा माल एकत्र करून यायची. कुठलं बटण कुठलं, हे पाठवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. खाली ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. मग बंदरावरच्या झाडून सगळ्या कारकुनांनी एकच युक्ती काढली: यादीतलं पहिलं नाव निवडायचं आणि मोकळं व्हायचं. यादी अक्षरांच्या क्रमानं लावलेली, आणि पहिलं नाव त्या बेटाचं. शुल्क पूर्ण भरलेलं असे, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही.

काकूनं प्रबंधाचं चौथं प्रकरण ह्यावरच लिहिलं. चुकीच्या नोंदी कुणी केल्या, तिथं स्वतःचं नाव घातलं. सरांनी तिला खोलीत बोलावलं.

"बाकी प्रबंध पहिल्या वर्गाचा आहे," ते म्हणाले. "चौथं प्रकरण काढा. आत्ता सही करतो."

"त्यात काही चुकलंय का, सर?"

"तसं नाही हो. प्रत्येक गोष्टीला जागा असते. फार तर तळटीप टाका. काही कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे आकड्यांत थोडी तफावत संभवते. झालं."

"कनिष्ठ कर्मचारी म्हणजे मी," काकू म्हणाली. "आणि निष्काळजी नव्हतो आम्ही. 'माहीत नाही' असं लिहायची सोयच कुणी ठेवली नव्हती. शिवाय ही थोडी तफावत नाही सर, अख्खं बेट आहे."

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध स्वतःच्या जबाबदारीवर देता येत होता, पण मग मार्गदर्शकाच्या हातातले वीस गुण गेले. पहिला वर्ग तर गेलाच, काठावर पास झालं तरी नशीब. नवरा म्हणाला, "अगं, हातातोंडाशी आलेला घास कशाला घालवतेस? आणि छापून आल्यावर परवाना गेला म्हणजे?" त्याचं चुकत होतं असं नाही. माल सोडवायच्या कामाचा परवाना तिच्या स्वतःच्या नावावर होता आणि सीमाशुल्क खात्याच्या मनात आलं तर तो काढून घेता येत होता. सासरे आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी होते. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "आमच्याकडं ज्याच्या हातून चूक व्हायची, शुद्धिपत्राचे खिळे त्यालाच जुळवायला लावायचे. दुसऱ्याला त्यातलं काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी काकूनं प्रबंध एकटीच्या सहीनं दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठातून एक परीक्षक बाई आल्या होत्या. सर शेजारी बसले होते.

"एका कारकुनाच्या आठवणीवर आता सरकारी धोरण तपासायचं का?" सरांनीच सुरुवात केली.

काकूला राग आला, आणि तो तिनं लपवला नाही. "आठवण बाजूला ठेवा, सर. तुमच्याच आकड्यांतला शुल्काचा रकाना बघा. बेटाच्या मालाला सवलत होती, तिथला दाखला जोडून मागितली तर. दोन वर्षांत एकाही आयातदारानं ती मागितली नाही, सगळ्यांनी पूर्ण शुल्क भरलं. हे लोक चार पैशांसाठी माझ्या टेबलाशी तासभर हुज्जत घालतात. माल खरंच तिथला असता, तर त्यांनी सवलत सोडली असती?"

परीक्षक बाईंनी पान उलटलं, परत मागे आल्या, आणि सरांना हळूच विचारलं, "हा रकाना तुम्ही पाहिला नव्हता?"

"तशी गरज वाटली नाही," सर म्हणाले.

बाई काकूकडे वळल्या. "हा प्रबंध ग्रंथालयात जाईल, कुणीही वाचेल. तुमचं नाव काढायचं असेल तर आज काढता येईल."

"राहू द्या," काकू म्हणाली. "नाव काढलं की कुणीही म्हणायला मोकळं, असेल कुणीतरी निष्काळजी. मी केलंय, का केलं तेही लिहिलंय. काय विचारायचं ते मला विचारा."

ती बाहेर आली तशी सर मागोमाग आले. हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

"आणा, सही करतो," ते म्हणाले. "बाईंवर छाप पडलीय तुमची. माझे गुण धरले की पहिला वर्ग. फक्त सुरुवातीला एक ओळ घाला, की ही चूक मार्गदर्शकांच्या सूचनेवरून शोधली."

"सर," काकू म्हणाली, "ती चूक करताना मला तुमची मदत लागली नव्हती. शोधतानाही नाही लागली."

प्रबंधाची ग्रंथालयासाठीची प्रत काखेत मारून ती जिना उतरली, ग्रंथालयाच्या खिडकीत ती दिली आणि पोच घेतली. पुढच्या महिन्यात निकाल लागला, दुसरा वर्ग मिळाला. खात्याची नोटीस अजून आलेली नाही. आली तर उत्तर ती स्वतःच लिहिणार आहे.