रिकाम्या खात्याचा दंड

आमचं दुकान एक आणि धंदे दोन. दारातून शिरलं की डाव्या हाताला माझं शिलाईचं मशीन. पँट आखूड कर, चेन बदल, उसवलेलं शिवून दे, असली कामं. उजव्या हाताला किल्लीदादा. भाडं निम्मं निम्मं, भांडणं मात्र सगळी माझ्या वाट्याची, कारण तो भांडत नाही, नुसता बघतो. गिऱ्हाईक आत आलं की हा आधी त्याचे हात बघतो, मग बूट, मग तोंड. गल्लीत पाठीमागे त्याला संशयराव म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. संशय घेणं हा कुलूपवाल्याचा अर्धा धंदा, असं त्याचं मत.

एकदा एक सूटबूटवाले गृहस्थ, घराची किल्ली हरवली म्हणून बोलवायला आले. दादा हत्यारांची पिशवी घेऊन गेला, पण कुलपाला हात लावण्याआधी त्याने शेजारचं दार वाजवलं आणि विचारलं, "हे इथेच राहतात का?" शेजारीण म्हणाली, "राहतात. पण उघडू नका, बाहेर आहेत तेच बरं आहे." एवढी खात्री पटल्यावर त्याने कुलूप उघडलं.

पैसे मात्र नेहमीचेच घेतले. हा त्याचा दुसरा नियम. बाहेर अडकलेला माणूस काकुळतीला आलेला असतो, मागाल ते देतो, आणि बाकीचे कुलूपवाले मागतातही. दादा नाही मागत. "अडलेल्याकडून जास्त घेणारा चोरच की," तो म्हणतो, "फक्त आधी दार उघडून देतो, मग लुटतो." एरवी कंजूष माणूस, सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणारा, पण या बाबतीत मी त्याला कधी घसरताना पाहिलं नाही.

दुकानाच्या वरच त्याच्या दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दूरच्या शहरात गोदामात कामाला, महिन्याच्या महिन्याला बापाच्या खात्यात पैसे टाकतो. त्याला तिथे बिऱ्हाड परवडत नाही म्हणून सून इथे सासऱ्याजवळ. ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करते: अंघोळ घालणं, भरवणं, उठवून बसवणं. कमी बोलणारी. मला मावशी म्हणते, आणि येता-जाता माझ्या मशीनखालच्या चिंध्या न सांगता झाडून जाते. तिचा बाप कारखान्यावर रखवालदार होता, तिच्या पाठीवर चार भावंडं. दादाने ही सोयरीक केली तेव्हा लोक म्हणाले, मुलाला याहून बरं स्थळ मिळालं असतं. दादा तेव्हा म्हणाला होता, माणसं चांगली आहेत. पण लोकांचं ते बोलणं त्याच्या मनात कुठेतरी कोरलेलं राहिलं असावं, असं मला आता वाटतं.

गल्ली पाइपांसाठी खणून ठेवली आणि आमचा धंदा बसला. खड्ड्यावरच्या फळीवरून तोल सावरत किल्ली करायला कोण येणार? त्यात दादाने किल्ल्या कापायचं नवीन मशीन हप्त्यावर घेतलेलं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा. एक दिवस तो एटीएमवरून आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला. "ताई, खात्यातले पैसे कमी झालेत," म्हणाला. "मी काढले नाहीत."

"मग हप्ता गेला असेल."

"हप्ता धरूनच सांगतोय."

रक्कम फार नव्हती. पण फार नसलेल्या खात्यातून थोडं गेलं तरी ते फारच असतं. मी म्हटलं, बँकेत जाऊन विचार. तो म्हणाला, बँकेला काय विचारायचं, ती काय माझे पैसे चोरणार आहे? इतका संशयी माणूस, आणि जगात एकाच जागेवर त्याचा आंधळा विश्वास. जाड दार, मोठं कुलूप आणि दारात बंदूकवाला. कुलूपवाल्याला आणखी काय हवं?

मग पिन कोणाला ठाऊक, इथून त्याचा विचार सुरू झाला. मागे गुडघा धरला होता तेव्हा सून त्याचं कार्ड नेऊन पैसे आणत असे. त्याने तोंडाने काही म्हटलं नाही, पण ती दुकानावरून गेली की तो आता तिचेही आधी हात बघू लागला. मला ते पाहून कसंतरीच व्हायचं. मी एकदा स्पष्ट म्हटलं, "दादा, नको त्या वाटेला जाऊ नकोस." तो कानस घासत राहिला.

कुलूपवाल्यांचा एक शिरस्ता आहे. चोरी झाली की आधी कपाट रिकामं करायचं, मग कुलूप बदलायचं. चोराला पुन्हा हात घालायला आत काही ठेवायचंच नाही. दादाने तेच केलं. होते नव्हते ते पैसे काढले, बिस्किटांच्या डब्यात घातले, डबा माझ्या मशीनच्या कपाटात ठेवला आणि पिन बदलला. मुलाचे पैसे आले की त्याच दिवशी काढायचे, खातं कोरडं ठाक ठेवायचं. आता बघू कोण घेतं ते, असा त्याचा एकूण आव.

पुढच्या महिन्यात मुलाचे पैसे आले आणि हा काढायला पोचेपर्यंत त्यातले आधीपेक्षा जास्तच गेलेले. त्याने पुन्हा पिन बदलला. त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. आता दादाची झोप उडाली. नवा पिन कोणाला सांगितला नव्हता, कुठे लिहिला नव्हता, तरी चोर आत. म्हणजे चोर घरातलाच आणि हुशार, असं त्याचं गणित. वर खोलीत त्याने स्वतःच्या कपाटाला दुसरं कुलूप बसवलं. जिने त्याच्या गुडघ्याला तेल लावलं, तिच्यापासून हा माणूस सदऱ्याचा खिसा लपवायला लागला.

एका संध्याकाळी जेवताना त्याने विचारलंच. मी उसवलेला कोट द्यायला वर गेले होते, म्हणून ऐकलं. "माझ्या खात्यातले पैसे जातात," तो ताटात बघत म्हणाला. "माहेरी काही अडचण असेल तर सांगून न्यावेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मी?" एवढंच म्हणाली. मग तिने त्याला वाढलं, स्वतःचं ताट तसंच उचललं आणि भांडी घासायला बसली. सकाळी एक पिशवी घेऊन वृद्धाश्रमात राहायला गेली. तिथे कामवाल्या बायकांची एक खोली आहे. मुलाचा फोन आला, बापलेकांत जोरजोरात बोलणं झालं, आणि मुलगा शेवटी म्हणाला, तिची माफी मागत नाही तोवर मला फोन करू नका.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी मशीनवर कापड टाकलं आणि म्हटलं, "ऊठ. चोरी जिथे झाली तिथे जाऊन बघू. शेजारचं दार न ठोठावता तू कोणाचं कुलूप उघडत नाहीस, आणि पोरीला मात्र खात्री न करता चोर ठरवतोस?" तो उठला. बहुतेक उठायला त्याला कोणीतरी हवंच होतं.

बँकेतली मुलगी गोड बोलणारी होती. मला गोड बोलणाऱ्या बँकेची आधीच धास्ती. तिने खातं उघडून पाहिलं आणि आम्हाला सांगितलं. खात्यात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी शिल्लक राहिली, म्हणून दंड. खातं रिकामं म्हणून हप्ता परत गेला, त्याचा दंड. हप्ता उशिरा, म्हणून मशीनवाल्या कंपनीचा वेगळा दंड. खात्यात दंडापुरतेही पैसे नव्हते, म्हणून दंड साठत गेला आणि मुलाचे पैसे आले की आधी तो वळता झाला. मेसेज दर वेळी गेले होते. मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर, कारण खातं त्याने उघडून दिलं होतं.

दादाला समजायला वेळ लागला. "म्हणजे मी काढून घेतले, म्हणून तुम्ही घेतले?"

"शिल्लक ठेवली असती तर काहीच लागलं नसतं, काका."

"शिल्लक असती तर मी इथे कशाला आलो असतो?"

ती कावरीबावरी झाली. नियम सगळ्यांना सारखाच आहे, म्हणाली. मी म्हटलं, "सारखा आहे खरा, पण ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला तो कधी लागतच नाही." तिने समजावलं की खातं चालवायलाही खर्च येतो, आणि हप्ता चुकवण्याला दंडच नसेल तर कोणी वेळेवर भरणार नाही. यातलं दुसरं मला थोडं पटलं. माझंही गिऱ्हाईक चार महिने कपडे नेत नाही तेव्हा मी कुरकुरतेच. पण खिशात नाही, म्हणून खिशातलं काढून घेणं? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा कोणीतरी मुद्दाम नेमून ठेवतो, हे मला नवीन होतं.

मग तिने आवाज खाली आणला. "अर्ज द्या. साहेब निम्मा दंड माफ करतात. पण मागितलं तरच." अर्ज दिला. साहेबांनी हसून सही केली, खास बाब म्हणून. माझा संशय तिथे उलट वाढलाच. दंड बरोबर होता तर निम्मा परत का? आणि चूक होता तर निम्माच का? न मागणाऱ्या किती जणांचा त्यांनी तसाच ठेवून घेतला असेल? मी हे साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला आणखी काही सेवा हवी आहे का?"

दादा बाहेर आला. परत मिळालेले पैसे एका पाकिटात घालून हातात धरलेले. "चल," म्हणाला, "तिच्याकडे जायचंय. एकट्याने जमणार नाही मला."

वृद्धाश्रमाच्या अंगणात बाकावर आम्ही बसलो. ती एका आजीला खोलीत झोपवून आली, हात ओले, पदराला पुसत. दादा उभा राहिला. सुनेसमोर तो असा उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. "चूक झाली," तो म्हणाला. "बँक घेत होती. तू नव्हतीस."

"मी नव्हते, हे मला माहीतच होतं, बाबा."

"माझं डोकं फिरलं होतं. पिन तुलाच ठाऊक होता, म्हणून…"

"पहिला पिन तुमच्या मुलालाही ठाऊक होता. खातं त्यांनीच उघडलं. त्यांचं नाव का नाही आलं तुमच्या मनात?"

दादाने माझ्याकडे पाहिलं.

ती रागाने बोलत नव्हती, तेच जास्त लागत होतं. "माझ्या बापाकडे कमी आहे म्हणून माझं नाव आलं. बँकेनेही तेच केलं ना? कमी दिसलं, आणि तिथेच हात घातला. बँकेला निदान तुम्ही कोण ते माहीत नव्हतं. मी तर तुमच्या ताटात वाढत होते."

दादा खाली बसला. डोळे भरून आले होते, आणि या माणसाला रडायचं कसं हेही नीट येत नाही. त्याने पाकीट पुढे केलं. "हे तुझ्याजवळ ठेव. यापुढे सगळा व्यवहार तू बघ. मी विचारणार नाही. घरी चल."

तिने पाकिटाला हात लावला नाही. ओले हात पाठीमागे नेले.

"नको, बाबा," ती म्हणाली. "उद्या यातले कमी भरले, तर मी कुठे जाऊ?"