भिताडाला पाजलेलं पाणी

विश्राम आल्हाटच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षा, असं भूगावातले बिगारी म्हणायचे. मारुंजीचा जनार्दन त्याच्या जोडीला गिलावा करायचा. त्याची शिक्षा रोजची होती.

विश्राम मूळ नगरकडचा. अठ्ठ्याण्णव साली बायको शारदा, एक थापी आणि एक ओळंबा घेऊन भूगावात आला. काम संपलं की बाकीचे बिड्या काढायचे, तेव्हा हा घमेली घासत बसायचा. फरशीखाली कायमचा दडणारा कोपरासुद्धा तो ओळंबा लावून भरायचा. जनार्दन एकदा वैतागून म्हणाला, "आरं, तितं कोण बघाया येनार हाय?"

"येतो एकजण," विश्राम म्हणाला आणि थापी मारत राहिला.

जनार्दनला वाटलं, इंजिनियरविषयी बोलतोय. इंजिनियर कधी आला नाही. विश्राम ख्रिस्ती आहे हे जनार्दनला त्यानंतर महिनाभराने समजलं, तेही तो रविवारी कामाला येत नाही म्हणून. धर्माच्या गप्पा तो मारत नसे. दारू नाही, शिवी नाही, आणि पापाविषयी एकच बोलणं: "केलेलं पाप दिसतं. करायचं होतं आणि केलं नाही, ते दिसत नाही. भिंतीच्या आतल्या पोकळीसारखं असतं ते."

एक खोट मात्र त्याच्यात होती. आपण जेवढं ओढतो तेवढं सगळ्यांनी ओढावं, असं त्याला मनापासून वाटायचं. कुणी कमी पडला की त्याची जीभ छिन्नीसारखी चालायची.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर अण्णासाहेब नावाच्या ठेकेदाराने त्याला आणि जनार्दनला मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत पाठवलं. सव्वीस उंबऱ्यांची वाडी. रस्ता खाली पाण्याच्या काठाशी संपायचा, तिथून तासभर चढ. धरणाचं पाणी रोज डोळ्यांसमोर, आणि प्यायला मात्र डोंगरातला एक झरा. तिथे टाकी बांधायची, जानेवारीत खालून पंपाने पाणी चढवायचं, असा बेत होता. ऑक्टोबरात काम सुरू झालं तेव्हा झरा खळाळत होता. विश्रामने पिंपं भरून ठेवली. त्या पाण्यावर भिंती उभ्या राहिल्या आणि बावीस डिसेंबरला आतला गिलावा पुरा झाला.

टाकीचा गिलावा चौदा दिवस सुकू द्यायचा नसतो. सुकला की चिरतो. पण चोवीसला विश्रामला खाली जाणं भाग होतं. चर्चच्या गायनमंडळात तो ढोलकी वाजवायचा, आणि नाताळला ढोलकीशिवाय गाणार कसं? जनार्दनला अण्णासाहेबांनी भूगावच्या एका स्लॅबवर ओढून नेलं होतं. म्हणून विश्रामने वाडीतल्या तानुबाईला कामावर लावलं. भिंतींना गोणपाटं लावलेली, त्यांच्यावर दिवसातून तीनदा सहा-सहा हंडे ओतायचे.

"जमेल ना?"

"जमंल की," तानुबाई म्हणाली.

सत्तावीसला विश्राम आणि जनार्दन परत चढून आले. तानुबाई टाकीपाशीच होती. तिचा नवरा कान्हू आणि पाचसात जण उन्हाला बसले होते.

"पाणी मारलं का गं?"

"मारलं."

विश्राम आत उतरला. गोणपाट हाताला खरखरीत लागलं. भिंत पांढरी पडली होती, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत केसासारख्या चिरा. तो बाहेर आला तेव्हा जनार्दनने त्याचा चेहरा बघितला आणि दोन पावलं मागे सरकला.

"लबाड बाई," विश्राम सगळ्यांदेखत म्हणाला. "काम करायचं नव्हतं तर घ्यायचं नव्हतं. तुझ्याच वाडीचं पाणी तू घालवलंस. आळसानं घालवलंस."

कान्हू उठून उभा राहिला. तानुबाईने त्याला हातानेच खाली बसवलं. "पयल्या दिशी मारलं व्हतं," एवढंच बोलली आणि हंडा उचलून निघून गेली.

संध्याकाळी विश्रामने अण्णासाहेबांना काठावरच्या दुकानातून फोन लावला. "सिमेंटचा घोळ फास वरून," ते म्हणाले. "दहा तारखेला उद्घाटन हाय. मानसं सांगून झाल्यात."

"घोळ सहा महिने टिकेल," विश्राम म्हणाला. "मी सगळा गिलावा काढतोय."

"मग परत माझ्या कामावर येऊ नको."

"बरं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी उजाडताच तो पत्र्याचे दोन डबे घेऊन झऱ्यावर गेला. जनार्दन मागोमाग. तिथे अकरा हंडे रांगेत होते. खडकातून बोटभरही धार नव्हती. एक बाई करवंटीने पाणी जमवून हंड्यात टाकत होती. तानुबाई चौथी होती. तिने विश्रामकडे बघितलं नाही. तो एका दगडावर बसला. एक हंडा भरायला पाऊण तास लागला. तो भरेपर्यंत थांबला आणि मग रिकामे डबे घेऊन उठला.

"जन्या," वाटेत तो म्हणाला, "मी रोजचे अठरा हंडे सांगितले होते."

जनार्दनलाही आता कळलं. पोरं तहानेली ठेवून भिंतीला पाणी पाजायचं काम त्यांनी त्या बाईला सांगितलं होतं, आणि झरा बघायला दोघांपैकी एकही आला नव्हता.

विश्रामने कावड बांधली आणि धरणावर उतरला. तासभर चढ, दोन डबे, खांद्यावर घडी केलेलं पोतं. दिवसाला चार खेपा, मधल्या वेळात छिन्नी-हातोडा. जनार्दनही तेवढंच करत होता. त्याने धरणावरच्या खेपा मोजल्या होत्या, म्हणून त्याला ठाऊक आहे, विश्रामने एकही खेप चुकवली नाही. चार भिंती आणि तळ, सगळा गिलावा उतरवला. तीन तारखेला नवा गिलावा संपला तेव्हा विश्रामच्या खांद्याचं सालटं निघालं होतं.

चार तारखेला महिन्यातला पहिला रविवार. उपासना झाली की लगेच परत चढायचं होतं. "भिंत तहानेली असताना रविवार कसला," असं विश्राम स्वतःच म्हणाला होता. म्हणून जनार्दन चांदणी चौकापलीकडच्या त्या लहानशा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसला. प्रभुभोजनाचा दिवस होता. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरत आलं. विश्रामने ते घेतलं आणि न खाता पुढच्या माणसाच्या हातात दिलं. शारदाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

गाडीवर बसल्यावर जनार्दनने विचारलं, "उपास हाय का तुजा?"

"कुणाचं मन मोडलं असेल तर आधी तिकडं जायचं, मग त्या ताटाला हात लावायचा. असं आहे आमच्यात."

"आरं, एवढी टाकी पुन्यांदा केलीस की!"

"टाकी केली. बाईला लबाड म्हणालो ते तसंच आहे."

"मग जा आनि बोल. दोन शब्द तर हायेत."

पिरंगुट गेलं. मग विश्राम म्हणाला, "त्यापेक्षा खेपा बऱ्या."

चौदा दिवस भिंत ओली राहिली. या चौदा दिवसांत तानुबाई वाटेत आठ-दहा वेळा तरी समोर आली. विश्राम कावड घेऊन बाजूला व्हायचा, तिला वाट द्यायचा आणि तोंड उघडायचा नाही. जनार्दनला हसू यायचं, आणि दयाही.

वीस तारखेला पंप चालू झाला. टाकी भरली. विश्रामने पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण केली. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी जमली. अण्णासाहेबही धापा टाकत चढून आले होते. उद्घाटन हुकल्याचा राग त्यांच्या तोंडावर होता. पाणी खुणेला चिकटून होतं, नखभरही उतरलं नव्हतं.

"आता पानी खुनंला चिकटून काय उपेग," अण्णासाहेब लोकांकडे वळून म्हणाले. "दहा तारखेलाच सोडनार व्हतो पानी. तुमच्यातल्याच एका बाईनं घात केला. इचारा तिला."

सगळ्यांच्या माना तानुबाईकडे वळल्या. ती हंडा छातीशी धरून उभी राहिली.

विश्राम टाकीच्या शिडीवर होता. तो खाली उतरला, डोक्याचं फडकं काढलं आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"चूक माझी आहे, अण्णासाहेब. पाणी कुठून आणायचं ते न बघता मी काम सांगितलं. ते करणं कुणालाच जमलं नसतं. मलाही नाही." मग तो तिच्याकडे वळला. "तानुबाई, तुम्हाला मी चारचौघांत लबाड म्हणालो, आळशी म्हणालो. चारचौघांतच माफी मागतो."

अण्णासाहेबांनी घाम पुसला.

"खोटं तर मी बोल्लेच व्हते की," तानुबाई म्हणाली.

कान्हूला हसू फुटलं. मग सगळेच हसले.

"बोल्ले. भ्याले म्हून बोल्ले. तुजं त्वांड बघितलं आसतंस म्हंजी तू बी बोल्ला आसतास. पर आळशी न्हाई मी. त्यो शबूद लई लागला व्हता." तिने हंडा पुढे केला. "आता सोड पानी. उगा भाषान नगं."

नळ सुटला. तिने हंडा खाली ठेवला, हंड्यातला तांब्या काढून पहिल्या धारेखाली धरला आणि विश्रामपुढे केला. "पी."

विश्रामने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. त्याने सगळा तांब्या पिऊन रिकामा केला. आणि मग, विश्रामच तो, परत शिडी चढून कोळशाची खूण बघायला गेला.

अण्णासाहेबांनी त्याला पुन्हा काम दिलं नाही. त्याने दुसरीकडे केलं, भूगावात, महाळुंग्यात, तसंच, कोपरे भरत. फरक एवढाच की कुणालाही काम सांगायच्या आधी ते एकदा स्वतः करून बघू लागला. बिगारी म्हणायचे, म्हातारा होत चाललाय.

दर वर्षी नाताळच्या आधी एक दिवस तो जनार्दनला घेऊन वाडीवर चढायचा. दोन हजार दहाच्या डिसेंबरातही गेला. टाकीभोवती फिरून त्याने चारी भिंतींवरून तळहात फिरवला. कुठे ओल नव्हती.

तानुबाई दारात सुपात तांदूळ पाखडत होती. तिने लांबूनच आरोळी दिली.

"आला का रं भिताडाला पानी पाजाया? हितं ये आदी. च्या ठिवलाय."