मोहरेचा कौल
देवळात ओल्या फुलांचा वास आला की आजही माझा हात आधी खिशाकडे जातो. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. वडिलांच्या पेटीत मला एक जुनी सोन्याची मोहोर सापडली. नाणं तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देणाऱ्या दोन कंपन्या इंटरनेटवर मिळाल्या, एक मुंबईची, एक परदेशातली. कुठे पाठवावी ते ठरेना. वाटेत हरवली तर, कुणी बदलली तर, हीच धास्ती. शेवटी आमच्याकडे करतात तेच केलं, मोहोर खिशात घालून ग्रामदेवतेला कौल लावायला गेलो. देवापुढे गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, हे मात्र हा शहाणा साफ विसरला. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली तर मुंबई, डावी पडली तर परदेश, आणि भरल्या सभामंडपात आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्येका सोन्याची मोहोर गावली हा. ती मुंबयक धाडूची काय परदेशाक, ता सांग." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." कौल मुंबईचा झाला, पण माझं लक्ष पाकळीकडे नव्हतंच, आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे होतं. बाहेर पडताना शेजारी कानाशी आला, "खंय ठेवलंस रे ती? सहज इचारतंय." मी खिसा दाबून "घरात" म्हणालो आणि घरही धोक्यात घातलं. सकाळच्या पहिल्या एसटीने कणकवली गाठून मोहोर बँकेच्या लॉकरात टाकली. ती अजून तिथेच आहे, कुणीही न तपासलेली. गावात मात्र एकीच्या सात मोहरा झाल्यात, आणि मला आता चोराची नाही, तपासणाऱ्याची भीती वाटते, त्याने ती खोटी ठरवली तर?