डाव्या डोळ्याचा पिवळा

आंध्रातल्या कडियममध्ये वीर्राजूगारूंच्या रोपवाटिकेत चेल्लायम्मानं बोट दाखवल्याशिवाय रोपाची एकही पिशवी लॉरीत चढत नाही. सव्वीस वर्षं हेच तिचं काम. गेल्या महिन्यात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा अजून राहिलाय.

आज बेंगळुरूची गाडी होती. पिवळ्या ठिपक्यांच्या पानांची, शोभेच्या क्रोटनची तीनशे रोपं जायची होती. चेल्लायम्मा वाफ्यापाशी आली आणि थबकली. मधल्या कितीतरी रोपांवरचे ठिपके पांढरे होते. तिनं उजवा डोळा झाकला. सगळे पिवळे. डावा झाकला. पुन्हा पांढरे.

"रत्नम, हे काय गं?"

"क्रोटन, अक्का."

"रंग विचारतेय, अवदसे!"

"पांढरा." पाणी मारणाऱ्या नूकरत्नमनं पाइप खाली ठेवला. "एखाद्या फांदीनं रंग बदलला असेल. तिचीच कलमं ही. दोन वर्षं तुम्ही पिवळ्यांत घालताय."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"एकदा बोलले, तर ढेकूळ फेकून मारलंत की!"

तेवढ्यात वीर्राजूगारू आले. "चेल्लायम्मा, गाडी अजून रिकामी?"

"राजूगारू, यात पांढरी मिसळलीत."

त्यांनी चष्मा वर सरकवला, एक पिशवी नाकाशी धरली. "कुठंय पांढरं? रत्नम, तू सांग."

रत्नमनं मालकांकडे पाहिलं, मग पाइपकडे. "पिवळंच आहे, गारू."

चेल्लायम्मानं पुन्हा वाफ्याकडे पाहिलं. मघाशी हीच पोरगी पांढरा म्हणाली ना? की आपणच तसं ऐकलं? मालकही पिवळा म्हणतात, डावा डोळाही पिवळा म्हणतो. नवा डोळा जेमतेम महिन्याचा. त्याचं कितपत ऐकायचं?

"डॉक्टरनं डोळा बिघडवला तुझा," मालक म्हणाले. "भरायची सगळी, की उद्यापासून तुझ्या जागी रत्नमला उभी करू?"

तिनं पदराचं टोक डाव्या डोळ्यावर दाबलं आणि बोट उचललं. "हे चढव. हे नको. हेही नको."

एकशे बारा पिशव्या मागे राहिल्या. मालक पाय आपटत निघाले. "उद्यापासून रत्नम!"

"उभी राहू दे. तिला दिसतं."

रत्नमची मान खाली गेली. लॉरी कालव्याच्या कडेनं निघून गेली. चेल्लायम्मा तिथंच उभी होती, पदर डोळ्यावर तसाच. दोन वर्षांत कुठल्या गावाला काय काय पिवळं म्हणून गेलं असेल, काही केल्या तिला अंदाज येईना.